आधी खोपा बघू

मी या प्रवासाला निघाले ती भांडायला. देवदर्शनाला नाही, हवा बदलायला नाही, कुणाच्या बारशालाही नाही. मला एका पाखराची साक्ष हवी होती.

माझं घर परभणीत. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. गावात ज्या मोर्चाचं, सभेचं, संपाचं पत्रक निघालं ते बहुतेक त्यांच्या हातून निघालं. मी अक्षरं शिकले ती उलट्या खिळ्यांवरून. इतर लेकरांना झोपताना चिऊकाऊ ऐकायला मिळायची. माझे वडील दिवसभर जुळवलेला मजकूर पाठ म्हणून दाखवायचे. "भगिनींनो, उठा!" असं ते म्हणाले की मी झोपायचे. माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं. पुढं मीही पत्रकं लिहू लागले. 'दागिना नव्हे, बेडी' हे माझं पहिलं. ते वाटलं तेव्हा एका सभेत एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ उठून म्हणाले, "नटणं हा बाईचा निसर्गच आहे. सृष्टीत बघा, पोरी."

मी सृष्टीत बघायला लायब्ररीत गेले. आणि काय आनंद सांगू! पाखरांत नटतो तो नर. पिसारा मोराला, तुरा कोंबड्याला, रंग नराला. मादी बिचारी मातकट; पण निवड तिची. तिच्या डोळ्यांत भरावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नरांनी ही पिसं वाढवली. मला तर वाटलं, निसर्गानं आमच्या बाजूनं पत्रकच काढलंय. चार पानांचा मजकूर मी मनात लिहूनही टाकला. पण वडिलांचा एक नियम आहे: डोळ्यांनी न पाहिलेलं छापायचं नाही.

तेव्हा मला मंगल आठवली. बारावीपर्यंतची दोन वर्षं ती आमच्या गल्लीत खोली करून राहिली होती. माझ्याहून लहान, मला ताई म्हणणारी, गणितात हुशार, आणि माझ्या भाषणांना न हसता ऐकणारी एकमेव मुलगी. तिचं शेत आखाडा बाळापूरच्या पलीकडं. ती नेहमी म्हणायची, "आमच्या इहिरीवर ये ताई. सुगरणीचे इतके खोपे लटकून राह्यलेत की बघता बघता जेवायचं इसरशील."

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन वर्ष उलटलं होतं. श्रावण सरत आला होता. कुणाची तरी दुर्बीण उसनी घेतली आणि निघाले.

हिंगोली

पूर्णेहून पुढं छोट्या लाईनीची गाडी. तिच्याबद्दल एवढंच सांगते की वाटेत एक सायकलवाला आमच्या डब्याशी बोलत बोलत चालला होता, आणि शेवटी तोच पुढं गेला.

हिंगोलीत बाळापूरच्या गाडीला अवकाश होता, म्हणून मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, फिरून आले. हिंगोलीचा मोंढा म्हणजे हळद. हवेतच हळद. पोती उतरवणारे हमाल डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. केस पिवळे, भुवया पिवळ्या, हसले तर दात तेवढे पांढरे. मी बघतच उभी राहिले, तसा एक जण पोतं पाठीवर घेता घेता म्हणाला, "काय बघू राह्यल्या, ताई? आमाला रोजच हळद लागती. लगीन मातर एकदाच झालं."

बाकीचे हसले. मीही हसले आणि मनात टिपून ठेवलं: नर पिवळा असला की नजर जातेच.

स्टँडसमोर सुशीला खाल्ली. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगते, ही कुणी बाई नव्हे. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी देऊन करतात ती न्याहारी. आमच्या परभणीतही होते, पण हिंगोलीच्या सुशीलेत हळद जरा सढळ असते. कागद पिवळा झाला, बोटं पिवळी झाली, आणि संध्याकाळी बाळापूरला उतरले तेव्हा मंगल म्हणाली, "ताई, तुझी हळद कव्हा झाली?"

बाळापूरच्या पलीकडची विहीर

मंगलच्या घरात ती सोडून तिघंच माणसं. तिचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात. तिची आई, जी सहसा चुलीपाशी असते आणि तिथूनच सगळं ऐकते. आणि आबांची थोरली बहीण काशीआत्या. आत्या विधवा. ऐन तरुणपणी माहेरी परत आली ती कायमची. जीभ अशी की गावातली कुत्री तिला वाट देतात.

"नाव काय म्हनलीस?" तिनं विचारलं.

"क्रांती."

"किरांती. बरं. किरांती, हात धू अन् जेवाय बस."

धपाटे, दही आणि करटुल्याची भाजी. माळावरच्या वेलीची ही काटेरी, कडसर करटुली फक्त याच दिवसांत मिळतात. मी तीन धपाटे खाल्ले. आत्या म्हणाली, "किरांती जेवती बराबर." तिथून आमचं जमलं.

सकाळी मंगल आणि मी विहिरीवर गेलो. काठावरची जुनी बाभूळ पार पाण्यावर कललेली, आणि तिच्या काटेरी फांद्यांना खोपेच खोपे लटकलेले. काही पुरे, खाली लांब नळीचं दार असलेले. काही अर्धवट, नुसत्या टोप्या. त्या टोप्यांवर नर काम करत होते. डोकं आणि छाती पिवळीजर्द, तोंडाला काळा बुरखा. एक जण ज्वारीच्या पानाच्या कडेला चोच मारायचा, ती धरून उडायचा, की पानाची लांब दोरी फाटून हातात, म्हणजे चोचीत, यायची.

"ही पिवळ्या डोक्याची सुगरण ना?" मंगलनं दुर्बिणीतून विचारलं.

"तो नर आहे."

"अन् सुगरण?"

"ती अजून यायचीय. येईल, घर बघेल, पटलं तर राहील."

मंगलनं दुर्बीण खाली घेतली. "म्हंजे बांधून राह्यला तो गडी व्हय? अन् आई मला जल्मभर सांगून राह्यली, सुगरणीवानी घरकाम शीक म्हून!"

तेवढ्यात माद्यांचा थवा आला. मातकट, रेघारेघांच्या, चिमणीसारख्या. आणि बाभळीवर जो गोंधळ उडाला! आपापल्या टोपीला उलटे लटकून सगळे नर एकदम पंख फडफडवू लागले, एकदम ओरडू लागले. बाजारात एक बाई दिसली की सगळे बांगडीवाले हाका मारतात, तसं. एक मादी पहिल्या खोप्यात शिरली. आत बसली. चोचीनं एक दोरा ओढून बघितला. दुसरा ओढला. बाहेर आली, उडून पुढच्यात. तिथं जरा जास्त वेळ. मग तोही सोडला. काठाजवळच्या जाड फांदीवर एक खोपा सगळ्यांत नीटस विणलेला होता, त्याचा मालक सगळ्यांत पिवळा होता. पण तिथं ती शिरलीसुद्धा नाही.

"काहून?" मंगल कुजबुजली.

"विणकामापेक्षा जागा बघते म्हणे. काठाजवळ साप चढेल."

शेवटी ती पार टोकाच्या, बरोबर पाण्याच्या मध्यावर लटकणाऱ्या टोपीत जाऊन बसली आणि तिथंच राहिली. तो नर काही फार देखणा नव्हता.

मी मुठी आवळून उभी राहिले. हे माझं पत्रक! मी सुरू केलं, "बघितलंस? रूप नाही, नखरा नाही. तिनं प्रत्येक दोरा ओढून..."

"ताई," मंगल म्हणाली, "परवा आबा साखऱ्याला चाललेत. घर बघाय."

तेव्हा मला कळलं. साखरा हे सेनगाव तालुक्यातलं गाव. तिथला माधव नावाचा मुलगा आठवड्यापूर्वी मंगलला बघून गेला होता. आता रीतीप्रमाणं मुलीकडचे पुरुष मुलाचं घर बघायला जाणार, शेत बघणार, चहा घेणार आणि सुपारी ठरवून येणार. लग्न तुळशीनंतर. जिला त्या घरात जन्म काढायचा ती ते घर पहिल्यांदा बघणार माप ओलांडताना, तेही खाली मान घालून.

"नकार दे!" मी म्हणाले. "तुला न विचारता..."

"काहून नकार देऊ? पोरगा बरा हाय. 'पुढं शिकायचं का' म्हून त्यानंच इचारलं. मला आवडला." तिनं बाभळीकडं बोट केलं. "मला फक्त घर बघायचंय. पाणी कुठंय ते बघायचंय. आमच्याकडं इहीर दारात हाय. तिकडं कोरडवाहू."

माझ्याजवळ एक आख्खं भाषण तयार होतं. त्याला गिऱ्हाईकच उरलं नाही.

दिवेलागणीला आबा ओट्यावर पोळ्यासाठी अंबाडीच्या दोऱ्या वळत बसले होते. मंगलचा बेत असा की 'किरांतीताईला साखऱ्याच्या माळावरचे मोर बघायचेत' म्हणून आपणही गाडीत बसायचं. मी म्हणाले, खोटं बोलायचं नाही. सरळ सांगायचं. ती माझ्याकडं चिडून बघत आत गेली, आणि मी आबांना सरळ सांगितलं.

आबांचा हात थांबला. चुलीपाशी भांडं वाजायचं थांबलं. काशीआत्या मात्र खो खो हसली. "पोरगी आपल्या पायानं सासरचं घर तपासाय चालली! अगं, बैलाला दावणीला बांधायच्या आधी गोठा दाखवत्यात व्हय?"

"मंगल बैल नाहीये," मी म्हणाले.

"ते तुझ्या पत्रकात लिव्ह. मंगलनं वाचून दाखवलंय मला. दागिना म्हंजी बेडी म्हनं." आत्याचं हसू गेलं. "किरांती, माझ्या अंगावरचं लोकांनी काढलं. डोरलं, बांगड्या, समदं. घालताना बी मला कुणी पुसलं न्हवतं अन् काढताना बी न्हाई. बेडी कंची ते मला इचार."

मी अंबाडीचा एक धागा उचलून वळायला लागले.

आबा हळूच म्हणाले, "अक्का, पोरीचं म्हननं मला बी कळतं. पर उद्या मोडलं तर? 'पोरगी घर नाकारून आली' असं आख्ख्या तालुक्यात होईल. मग दुसरं स्थळ दारात कोन आनंल?"

"अन् न्हाई मोडलं, अन् जल्मभर मैल मैल पाणी वाहिलं तर?" आत्या म्हणाली. "ते कुनाच्या कानावर येईल? मी नांदाय गेले तव्हा दुसऱ्या दिशी कळालं इहीर कुठंय ते. तव्हर अक्षता पडल्या होत्या. मी जाते पोरीसंगं. बाईमाणूस संगं असलं की लोक कमी बोलत्यात."

"त्यांना निरोप तरी धाडावा..."

"निरोप धाडला तर शेजाऱ्याचे हंडे आनून मांडून ठिवतील."

"म्हणजे फसवणूकच ना ही?" मी म्हणाले.

"न सांगनं म्हंजी खोटं न्हवं, किरांती. तू झोप."

आबांनी दोरी पुरी वळली, गाठ मारली, आणि म्हणाले, "सकाळची पहिली गाडी धरावी लागंल परवा."

मधला दिवस आम्ही पुन्हा बाभळीखाली. आणि तिथं माझं पत्रक बुडालं. एका पुऱ्या खोप्यात मादी अंड्यांवर बसलेली, आणि तिचा पिवळा नवरा शेजारच्या फांदीवर दुसरी टोपी विणून, उलटा लटकून, दुसरीला हाका मारत होता. मी दुर्बीण पुसली. पुन्हा बघितलं. पुस्तकात हेही होतं. मी ते पान जरा भरभर वाचलं होतं.

मंगल हसून हसून काठावर आडवी झाली. "ताई! तुझा गडी दुसरी बायकू करून राह्यला! छाप पत्रकात!"

मी दिवसभर घुश्शात होते. मग कळलं की पाखरं पत्रकं वाटायला बसलेली नसतात. त्यांची त्यांची गरज आहे, त्यांचा त्यांचा संसार. मी माझं भांडण माझ्या हिमतीवर भांडायला हवं. ते पत्रक पुढं निघालं खरं, पण चार पानांचं एका पानावर आलं, आणि त्यात पाखरू एकही नव्हतं.

सेनगावच्या वाटेवर

हिंगोलीला गाडी बदलली. सेनगावच्या रस्त्याला लागल्यावर टायर बसलं. कंडक्टर म्हणाला, "उतरो भाई, आराम से," आणि स्वतः आधी आराम करायला झाडाखाली गेला.

जवळच तांडा होता. एका घरासमोर एक म्हातारी भाजी निवडत होती. आरशांची चोळी, भरतकामाचा घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, केसांतून गालावर लोंबणारे चांदीचे गोंडे. इतकं तेज एका अंगावर मी पाहिलं नव्हतं. आम्हाला बघून तिनं पाणी आणलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला.

मला राहवलं नाही. "आजी, एवढं ओझं कशाला अंगावर?"

"तकलीफ तुला होऊन राह्यली का मला?" ती म्हणाली.

काशीआत्या एवढी हसली की ठसका लागला.

"आमचे बापजादे बैलावर धान्य लादून मुलूख फिरायचे," म्हातारी सांगू लागली. "घर न्हवतं, तिजोरी न्हवती. समदं बाईच्या अंगावर. हे भरत मी भरलं. हे आरसे मी लावले. काढायचे तव्हा मीच काढीन." मग आमच्याकडं बघून तिनं विचारलं, "सोयरिकीला चालले?"

आबांनी मान हलवली.

"आमच्यात पहिले पोराकडचे द्यायचे पोरीच्या बापाला. आता आमी बी तुमच्यावानी शाने झालो. पोरीचा बापच देतो."

आबा टायरकडं बघायला लागले. मंगल मात्र त्या भरतकामावरून बोट फिरवत होती. "तुमी घर बघितलं होतं का हो आजी, लगनाआधी?"

"घर कुठं होतं? नवरा बघितला. बैल बघितले." ती डोळा मिचकावून म्हणाली, "बैल चांगले होते."

मी भाकरी खात होते. ती म्हातारी आणि काशीआत्या शेजारी शेजारी बसल्या होत्या, एकीच्या अंगावर सगळं, दुसरीच्या अंगावर काही नाही, आणि मला माझ्या पत्रकाचं नावच बदलावंसं वाटू लागलं.

साखरा

साखऱ्याची जमीन हलकी, उंचसखल. मूग काढणीला आलेला, तूर गुडघ्याएवढी, मधे मधे उघडा माळ. माळावर खरंच एक मोर होता. पण पिसारा झडायला लागलेला. चार-सहा लांब पिसं मागं ओढत तो दाणे टिपत होता. मंगल म्हणाली, "सोयरीक झाली वाटतं याची. नटायचं सोडलं."

आम्ही वाड्यावस्त्या ओलांडून घर गाठलं तेव्हा माधव घरामागं होता. नव्या न्हाणीच्या भिंतीला चिखल लिंपत होता. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चिखल, अंगात जुनं बनियन. त्यानं आबांना बघितलं, आत्याला बघितलं, मग मंगलला बघितलं, आणि हातातला गोळा त्याच्याच पायावर पडला.

त्याची आई पदर सावरत बाहेर आली. "पावनं! अन्... पोरगी बी आली?"

आबांचं तोंड उतरलं. आत्या शांतपणे म्हणाली, "व्हय. नजर तिची बी चांगली हाय."

पाट मांडले, गुळाचा चहा आला. माधव हातपाय धुऊन सदरा घालून आला. कपाळावरचा चिखल तेवढा राहिला. आबा पाऊसपाण्याचं बोलू लागले. मंगल उठली. आत्यानं मला डोळ्यांनी बजावलं, तू बसायचं.

मंगल आधी चुलीपाशी गेली. धूर कुठून जातो ते बघितलं. मग मागं न्हाणीत. दार ओढलं, लोटलं. आतून म्हणाली, "कडी न्हाई."

"दारच काल बसवलं," माधव म्हणाला.

"चार माणसांच्या घरात कडी कशाला?" त्याची आई म्हणाली. "आमी तर आडोशाला आंघोळ केली. कुणी खाल्लं न्हाई आमाला."

"आंघोळ करताना कोन येतं का म्हून कान लावून बसायचं व्हय?" मंगल म्हणाली. आवाज नम्र, पण हलणारा नाही. "अन् पाणी?"

"गावाच्या टोकाला पंप हाय," माधव म्हणाला.

मंगलनं दारातली घागर उचलली आणि चालायला लागली.

मी, आत्या आणि माधव तिच्या मागं निघालो. माधव चार हात अंतर ठेवून, कारण गाव बघत होतं. पंपावर पाच-सहा बाया होत्या.

"कोनाची गं ही?"

"माधवची नवरी म्हनं."

"आत्ताच? अगं बया, अक्षता पडायच्या आधीच पाण्याला लागली!"

"आमाला कुठं सुचलं बघाय? सुचलं असतं तर मी ह्या गावात आले असते व्हय?"

मोठा हशा झाला. मंगलही हसली. घागर भरली, डोक्यावर घेतली आणि परत निघाली. मी मदतीला हात पुढं केला, तर आत्यानं मला चिमटा काढला. "तू पाखरं बघ."

मंगलनं घागर उंबऱ्यात ठेवली. कपाळावरचं पाणी पुसलं. "उन्हाळ्यात?"

माधव खोटं बोलू शकला असता. "उन्हाळ्यात पंप आटतो," तो म्हणाला. "मग नाल्यापलीकडची इहीर. लांब हाय. आईचे गुडघे गेलेत, म्हून मीच आनतो सायकलीवर."

"लगीन झाल्यावर?"

त्याची आई मधे बोलली, "लगीन झाल्यावर काहून आनंल? गडीमाणूस पाणी वाहताना दिसला तर लोक हसत्यात."

माधव जमिनीकडं बघत होता. "आताबी हसत्यातच," तो म्हणाला. "मी आनतो."

मंगलनं घागर उंबऱ्याच्या आत सरकवली. आबांना म्हणाली, "गाडीचा टाईम झाला." सुपारी झाली नाही. दारात निरोप देताना माधवच्या आईनं आम्हाला कुंकू लावलं, काशीआत्याशी क्षणभर थांबली आणि तिच्या ओंजळीत मुगाच्या शेंगा घातल्या. पण 'या पुन्हा' म्हणाली नाही.

बाळापूरचा स्टँड

परत आल्यावर दोन दिवस आबा ओट्यावर नुसत्या दोऱ्या वळत बसले. साखऱ्याहून निरोप नाही. उलट कुणीतरी ऐकून आलं की तिकडं लोक 'घर तपासणारी नवरी' म्हणून हसताहेत. मंगलची आई चुलीपाशी डोळे पुसायची आणि धुराचं नाव सांगायची.

"तुझं काय म्हणणं आहे पण?" मी मंगलला विचारलं.

"घर चालंल. पाणी लांब हाय, पर तो खरं बोलला," ती मूग निवडत म्हणाली. "आता त्यानं ठरवावं. मी ओढून बघितलं. तुटलं तर तुटलं."

तिचे हात मात्र त्याच त्याच मुगावरून फिरत होते.

निघायच्या दिवशी बाळापूरचा बाजार होता. मला गाडीत बसवायला आबा, आत्या, मंगल तिघंही आले. स्टँडवर कोंबड्या, टोपल्या, कांद्याची पोती. माझी नांदेडमार्गे परतीची गाडी लागली, मी खिडकीची जागा धरली, आणि तेवढ्यात हिंगोलीची गाडी येऊन थांबली. तिच्यातून माधव उतरला. धुतलेला पांढरा सदरा, तेल लावून बसवलेले केस, हातात कापडी पिशवी.

आम्हाला बघून तो जागच्या जागी थांबला. मग आबांच्या पाया पडला.

"इकडं कुठं?" आबा म्हणाले.

"बाजाराला आलो होतो."

"काहून?" काशीआत्या म्हणाली. "सेनगावचा बाजार बंद पडला का?"

माधवच्या कानांपर्यंत रंग चढला. त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली पुडी काढली. सोडली. आत नवी लोखंडी कडी होती, कोयंड्यासकट.

तो आबांकडं बघूनच बोलला, पण ते आबांसाठी नव्हतं. "लावायला घेतली होती. मग वाटलं, माझ्या मापानं लावली तर उंच व्हईल. म्हून म्हनलं इचारावं, कितीवर लावू."

कोंबड्या ओरडत होत्या. आबांनी आत्याकडं बघितलं. आत्या आभाळाकडं बघायला लागली, जणू तिथं काही महत्त्वाचं चाललं होतं.

मंगल स्टँडच्या खांबापाशी गेली. खांबाकडं तोंड करून सरळ उभी राहिली, आणि खांद्याच्या जरा खाली, जिथं हात सहज पोचतो तिथं, तिनं तळवा टेकवला.

"इथं," ती म्हणाली.

माधव पुढं झाला. पुडीची सुतळी त्यानं खाली फरशीला टेकवली, ताणून तिच्या हातापर्यंत आणली आणि तिथं गाठ मारली. माझी गाडी हलली. मी खिडकीतून काहीतरी ओरडणार होते, पण आत्यानं खालूनच हात करून मला गप्प केलं.

त्यानं ती गाठ ओढून बघितली. मग मंगलनं ओढून बघितली.